श्वासतर्पण

अधरगावात माणूस मेला की घरचे लोक रडण्याआधी एक खोल श्वास घेतात. तो छातीत धरून, मयताला जिच्याखाली बांधतात त्या फुग्यासारख्या कापडी खोळीपाशी जायचं, तिच्या तोंडाला ओठ लावायचे आणि सगळा आत सोडून द्यायचा. याला 'शेवटची फुंकर' म्हणतात. आधी थोरांनी, मग धाकट्यांनी; घरात तान्हं बाळ असलं तर त्याच्या वाटची आईने. त्यानंतर हवं तेवढं रडायला मोकळीक असते.

पृथ्वीवरच्या माणसाला हे चमत्कारिक वाटेल. पण पृथ्वीवरच्या माणसाला पायाखाली जमीन असते, म्हणून त्याला बरंच काही चमत्कारिक वाटतं. शुक्राच्या जमिनीवर कुणी राहू शकत नाही. तिथे शिसं वितळेल एवढी उष्णता आहे आणि डोक्यावरच्या वायूचा दाब असा की पाणबुडीसुद्धा चिरडून जावी. जमिनीपासून पन्नासएक किलोमीटर वर आलं मात्र, की हाच ग्रह एकदम माणसात येतो. दाब पृथ्वीसारखा, उकाडा कोकणातल्या दुपारइतका. अडचण एकच, गाव उभं करायचं कशावर?

उत्तर सोपं निघालं. शुक्राचं वातावरण जवळजवळ सगळं कार्बन डायऑक्साइडचं आणि हा वायू आपल्या हवेच्या दीडपट जड. रिकामा हंडा पालथा करून पाण्यात दाबला तर तो हाताला वर ढकलतो, कारण आतली हवा पाण्याहून हलकी असते. तोच प्रकार इथे. पृथ्वीवर फुगा तरंगवायचा तर हेलियम किंवा हायड्रोजन लागतो. शुक्रावर आपण नाकाने घेतो ती साधी हवा पुरते. अधरगाव म्हणजे चिवट कापडाचा एक अवाढव्य घुमट, त्यात ठासून भरलेली हवा आणि तळाला घरं, बागा, भटारखाना. ज्या हवेत लोक राहतात, पोरांना ओरडतात, एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढतात, तीच हवा त्यांना उचलून धरते.

अशा गावात सरण रचता येत नाही, कारण आग हवा खाते. पुरायला जमीन नाही. म्हणून पहिल्या पिढीने ठरवलं की अग्नी ग्रहानेच द्यावा. देह खोलीएवढ्या मोठ्या खोळीखाली बांधायचा, खोळीत अर्धीमुर्धी हवा भरायची, वरून घरच्यांची फुंकर घालायची आणि तळदारातून सोडून द्यायचं. अर्ध्या हवेमुळे खोळ दगडासारखी पडत नाही, सावकाश उतरते, पिवळ्या ढगांत दिसेनाशी होते. खाली उष्णता वाढत जाते आणि पुढचं सगळं आपोआप होतं. शेवटचा धक्का सर्वांत जवळच्या माणसाने द्यायचा आणि त्या वेळी तळदारापाशी दुसऱ्या कुणी थांबायचं नाही, असा रिवाज आहे.

सुनीती साखळकर ही अधरगावची उंचीरक्षक होती. गाव ठरल्या उंचीवर राहतं की नाही हे पाहणं हे तिचं काम. भौतिकशास्त्राची मोठी पदवी घेतलेल्या बाईने दिवसभर उंची दाखवणाऱ्या एका काट्याकडे बघत बसायचं, यावरून तिचा नवरा निरंजन तिला फार चिडवायचा. तो गेला तेव्हा त्यांची मुलगी मुक्ता तीन वर्षांची होती. सुनीतीने फुंकर घातली, मुक्ताकडूनही घालून घेतली, धक्का दिला आणि कामावर परत आली तर काटा थोडा वर सरकलेला. बरोबरच होतं. गावाचं ओझं निरंजनच्या आणि त्याच्या खोळीच्या वजनाइतकं कमी झालं होतं. आयुष्यात प्रथमच तिला त्या काट्याचा राग आला.

त्यानंतर दोन वर्षांनी भटारखान्यातले गोरक्ष डुंबरे यांची शेवंता गेली. एकोणीस वर्षांची मुलगी, बाहेरून घुमट साफ करण्याचं काम करायची. तिच्या पोशाखाची शिवण उसवली आणि ढगांतलं आम्ल छातीत गेलं. गोरक्षभाऊंना दुसरं कुणी नव्हतं. सगळ्या गावाने फुंकर घातली आणि मग त्यांना एकटं सोडून सगळे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सुनीतीने काटा पाहिला आणि ती खुर्चीत सरळ होऊन बसली. शेवंताच्या आणि तिच्या अर्ध्या खोळीच्या वजनाने गाव जेवढं वर यायला हवं होतं, त्याच्या जवळजवळ दीडपट ते आलं होतं. ठरल्यापेक्षा जास्त काहीतरी गावाबाहेर गेलं होतं आणि ते देहाएवढ्याच वजनाचं होतं. हवेलाही वजन असतं हे आपण विसरतो. खोलीभर हवा एका माणसाहून जड भरते.

ती तळखिडकीपाशी गेली. ही खिडकी म्हणजे गावाच्या तळाला बसवलेली जाड काच. तिच्यातून सहसा ढगांचा पिवळसर गाळ तेवढा दिसतो, म्हणून तिकडे कुणी फिरकत नाही. सुनीती तिथे बराच वेळ गुडघ्यांवर बसून राहिली. एकदा ढग विरळ झाले आणि खूप खाली, जरा तिरपा, एक पांढरा गोळा दिसला. टम्म फुगलेला, अगदी स्थिर. त्याच्याखाली एक बारीक, उभी रेघ होती. तळदारापासून त्या गोळ्यापर्यंत एक दोरी गेली होती आणि दोरीबरोबर नळी. ढग पुन्हा मिटले. 

गोरक्षभाऊ कणीक तिंबत होते. ती आली तरी त्यांनी हात थांबवला नाही, नजरही उचलली नाही.

"पाहिलीत ना," ते म्हणाले. "म्या खोळ पुरती भरली, ताई. भटारखान्याची नळी लावून. मला वाटलं, सोडू. हात लावला दाराला. पण एवढीशी होती तवापासून तिला अंधाराचं भ्या. मपली पोर खाली एकटी कशी धाडू?"

सुनीतीला रागवायचं होतं, पण ते जमेना. तिने त्यांना समजावून सांगितलं. सैल खोळ खाली गेली की बाहेरच्या दाबाने आणखी चेपते. तिचं आकारमान घटत जातं, म्हणून खालचा वायू दाट असूनही तिला वर उचलणारा जोर वाढत नाही आणि ती कुठेच थांबत नाही. ठासून भरलेली खोळ मात्र चेपत नाही. खाली वायू दाट होत जातो, तेवढ्याच आकाराची खोळ जास्त जड वायू बाजूला सारते, आणि एका पातळीला तिचं वजन आणि बाजूला सारलेल्या वायूचं वजन सारखं होतं. तिथे ती उभी राहते. दोरी तोडली तरी पडायची नाही.

गोरक्षभाऊंनी सगळं नीट ऐकलं. त्यातलं त्यांना एकच हवं होतं.

"मग अशीच राहील?"

"खोळीतून हवा झिरपते, भाऊ. काही महिन्यांनी सैल पडेल. मग जाईल."

"आन् हवा भरत राहिलं तर?"

इथे सुनीती गप्प बसली असती तर पुढचं काही घडलं नसतं, असं अधरगावातले काही लोक म्हणतात. पण तिला खोटं बोलता येत नसे. "तर राहील," ती म्हणाली. मग तिने मनाशी आकडेमोड केली. घुमटातल्या हवेपुढे एक खोळ म्हणजे दर्यात खसखस. "राहू द्या. एका खोळीने गावाचं काय बिघडतंय," असं म्हणून तिने त्यांच्या पिठाळलेल्या मनगटाला हात लावला आणि ती निघून गेली. दया करताना माणसाला फार बरं वाटतं. तिलाही वाटलं.

गाव लहान असलं की गुपित फार दिवस टिकत नाही. हळूहळू लोक तळखिडकीपाशी जाऊ लागले. ढग उघडले की कुणीतरी हलकेच म्हणे, "ती बघा शेवंता." नंतरच्या मयताला घरच्यांनी खोळ पूर्ण भरून मागितली. त्यांना नाही कसं म्हणायचं? भटारखान्यातल्या माणसाच्या मुलीला एक न्याय आणि त्यांच्या आईला दुसरा? मग तिसरी, मग चौथी. चार वर्षांत गावाखाली, शंभरेक मीटरवर, पांढऱ्या गोळ्यांची एक वस्ती तयार झाली. वारा त्यांना आणि गावाला बरोबरच नेई. क्वचित दोन खोळी एकमेकींना लागत आणि सावकाश दूर होत. वरचे लोक म्हणत, बोलतायत.

दर अमावास्येला नळ्यांतून हवा सोडायची प्रथा पडली. शुक्राला चंद्रच नाही, तेव्हा अमावास्याही नाही. पण पृथ्वीचं पंचांग गावात होतं आणि भावनेला तेवढं पुरतं. या विधीला कुणीतरी 'श्वासतर्पण' नाव दिलं. पाण्याऐवजी पितरांना हवा. तोटी उघडायची, नाव घ्यायचं, नळीतला सूं असा आवाज ऐकत बसायचं. काही बायका शपथेवर सांगत की तो आवाज दर वेळी सारखा नसतो.

तर्पण जवळ आलं की एक गोष्ट हमखास घडे आणि तिने भल्याभल्यांच्या अंगावर काटा येई. खोळी वर येत. फार नाही, काही मीटर, पण खिडकीतून कळे इतकं. आधी दूर दिसणारी माणसं जवळ येत, त्यांचे पाय दिसू लागत. तर्पण झालं की पुन्हा खाली आपल्या जागी. "श्वास मागायला वर येते," असं गोरक्षभाऊ सांगत. सुनीती त्याचं कारण देई. ठासलेल्या खोळीतून हवा झिरपली की आकार तोच राहतो पण आतल्या हवेचं वजन कमी होतं, म्हणून सैल पडण्याआधी ती काही काळ हलकी होऊन वर चढते. हवा भरली की जड होऊन उतरते. यात कुणी काही मागत नाही. लोक मान डोलवत, कारण उंचीरक्षक ताई हुशार होत्या, आणि पुन्हा खिडकीत पाहत म्हणत, "आला बघा. तहानलाय."

याच काळात गावही वर चढत होतं. पूर्वी कुणी गेलं की काटा थोडा सरके आणि तिथेच राही. आता तो महिन्यागणिक सरकत होता. लोकांना त्याचा फार आनंद झाला. पितरांनी गाव उचलून धरलंय, असं सगळीकडे बोललं जाऊ लागलं. ढग थोडे पांढरे झाले होते, उजेड वाढला होता, बागेतली मिरची चांगली येत होती. नवीन जोडपी लग्नानंतर तळखिडकीला नमस्कार करून येऊ लागली.

सुनीतीची झोप मात्र उडाली. कारण तिला ठाऊक होतं की पितर कुणाला उचलत नाहीत. खोळ का वर चढते ते तिनेच तर लोकांना शिकवलं होतं. अधरगाव हीसुद्धा एक खोळच होती.

हवायंत्र बाहेरच्या वायूतून हवा गाळतं, पण हळूहळू. घुमटाची रोजची गळती भरून निघेल एवढीच. तर्पणाची हवा त्याच यंत्राची. आता खालच्या माणसांना वरच्यांपेक्षा जास्त हवा लागत होती. ती श्वास घेत नव्हती, पण हवा घेत होती. तिच्या हिशेबाने, असंच चाललं तर मुक्ता कॉलेजात जाईल त्या सुमाराला घुमट सैल पडणार होता. त्या दिवसापर्यंत गाव वर वर जाईल, उजेड वाढेल, मिरची पिकेल. आणि मग ते उतरू लागेल आणि कुठेच थांबणार नाही.

तिने सभा बोलावली. सगळं गाव बागेच्या मोकळ्या जागेत बसलं. सुनीतीने फळा घेतला नाही, आकडे सांगितले नाहीत. ती एवढंच म्हणाली, "खोळ वर आली की तुम्ही म्हणता, तिला हवा कमी पडली. बरोबर आहे. चार वर्षं आपलं गाव वर येतंय. मला सांगा, याचा अर्थ काय?"

 मग मागून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, "म्हणजे आपणच मागतोय होय?"

"हो, आजी. आणि आपल्याला भरणारं वर कुणी नाही."

 सुनीतीला वाटलं, समजलं त्यांना. आता तर्पण थांबेल. तिने विचारलं, तर्पण बंद करायला कोणाची तयारी आहे? पहिल्या रांगेतल्या शिक्षकांनी सांगितलं की इतरांनी अवश्य बंद करावं, आपली आई मात्र नुकतीच गेली आहे, तिला निदान वर्ष होऊ द्यावं. शेजारच्या गृहस्थांचं म्हणणं पडलं की आईचं ठीक, पण लहान मुलांच्या खोळींना हवा लागते ती किती. त्या राहू द्याव्यात. प्रत्येकाला धोका पटला होता. प्रत्येकाचं मत होतं की गाव वाचलंच पाहिजे. आणि प्रत्येक घराची एकच खोळ होती. हात एकही वर झाला नाही.

शेवटी गोरक्षभाऊ उठले. त्यांचे केस आता पार पांढरे झाले होते.

"ताई, आम्हाला न्हाई जमायचं. सगळ्या नळ्यांची मोठी तोटी तुमच्या हातात आहे. उद्या अमावास्या. तुम्ही ती बंद ठेवा. आम्ही कोणी आड येणार न्हाई, शिव्या तेवढ्या देऊ."  "तुम्हाला जमंल. तुमचं खाली कोणी न्हाई."

त्यांनी हे टोचून म्हटलं नव्हतं. खरं तेच म्हणाले होते. घरातलं नसलं तर भावकीतलं, प्रत्येकाचं कुणीतरी खाली होतं; सबंध गावात सुनीतीचं एकच घर असं होतं की ज्याच्या नावाची नळी नव्हती. निरंजन जुन्या रिवाजाने गेला होता, अर्ध्या हवेच्या सैल खोळीत, सगळ्यांच्या खाली, कुठेही न थांबता. बायका तिची कीव करत. तर्पणाच्या दिवशी तिला कुणी बोलावत नसे, तिला वाईट वाटू नये म्हणून. तिने मान डोलावली आणि सांगितलं की उद्या तोटी बंद राहील. रडत कुणीच नव्हतं. लोक एकेक करून उठले आणि तळखिडकीकडे गेले.

घरी मुक्ता तिची वाट पाहत होती. नऊ वर्षांची पोर, सभेच्या कडेला बसून तिने सगळं ऐकलं होतं. सुनीतीने तिच्यापुढे ताट ठेवलं, तिच्यासमोर बसली. मुलीला धीर द्यायला हवा होता. ती म्हणाली की घाबरायचं कारण नाही, उद्या तोटी बंद झाली की गाव पुन्हा पहिल्यासारखं होईल.

मुक्ता घाबरलेली दिसत नव्हती. ती भाताशी खेळत होती.

"आई, तोटी बंद केली नाही तर गाव खाली जाईल ना?"

"हो."

"शेवंताताई आहे तिथे थांबेल?"

"नाही, बाळा. सैल पडलेलं कुठेच थांबत नाही. तिच्याही खाली जाईल."

"अगदी तळापर्यंत?"

"हो, तळापर्यंत."

मुक्ताने मान वर केली. तिचा चेहरा उजळला होता. कितीतरी दिवसांत सुनीतीने तो तसा पाहिला नव्हता. "म्हणजे बाबांपाशी," ती म्हणाली. "सगळ्यांचे मधेच राहतील. आपण एकट्याच बाबांपाशी पोचू."

सुनीतीने तिला सांगायला तोंड उघडलं. तिथे बाबा नाहीत, तिथे काहीच उरत नाही, तिथे पोचायच्या कितीतरी आधी. हे सगळं तिला येत होतं, तिने ते गावाला वर्षानुवर्षं समजावलं होतं. पण मुलगी तिच्याकडे बघत होती आणि सुनीतीने तिच्या ताटात आणखी थोडा भात वाढला.

दुसऱ्या दिवशी अमावास्येला लोक तोट्यांपाशी नुसते बसून राहिले. खोळी वर आल्या होत्या, पाय दिसत होते. सुनीती काट्याशेजारच्या मोठ्या तोटीपाशी उभी होती. सगळ्यांनी माना खाली घातल्या होत्या, म्हणून तिचा हात फिरला ते कुणी पाहिलं नाही. नळ्यांतून सूं असा आवाज सुरू झाला.

गावाने तो दयेचा आवाज समजला आणि तिला हात जोडले. ती मात्र काट्याकडे बघत होती आणि मनातल्या मनात मोजत होती, घुमट सैल पडायला आणखी किती अमावास्या लागतील.